प्रस्तावात उद्घाटकाला रकाना नाही हो!



पुण्याच्या एका प्राध्यापक मित्राचा मागच्या आठवड्यात फोन आला. "अरे, तुमच्या त्या सीएससीडब्ल्यूला आमच्यातर्फे वर्कशॉप घ्यायचंय. प्रस्तावात उद्घाटक म्हणून कुणाचं नाव टाकू?" मी कपाळावर हात मारला!

आपल्याकडे कार्यशाळा म्हणजे दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय (भाषणापेक्षा लांब), समोसा आणि शेवटी सर्टिफिकेट. सीएससीडब्ल्यू म्हणजे माणसं संगणकाच्या साथीने एकत्र काम कशी करतात याचा अभ्यास. पहिली परिषद १९८६ला ऑस्टिनला झाली, युरोपातली पहिली १९८९ला इथे, गॅटविकला. तिथे पेपर असतो झालेल्या कामाचा, वर्कशॉप अडलेल्या कामाचं. प्रस्ताव जेमतेम काही पानांचा: प्रश्न काय, कुणाला बोलावणार, निवडणार कसं, दिवसभर नेमकं करणार काय. बस्स.

आमचा स्वतःचा पहिला प्रस्ताव नापास झाला होता. विषय होता 'सहकार्याचं भवितव्य'. परीक्षकाने विचारलं, याला विरोध कोण करणार? राग आला, पण त्याचं बरोबर होतं.

मग प्रश्न आणायचा कुठून? ख्रिश्चन हीथ आणि पॉल लफ हे दोघे लंडनच्या भुयारी रेल्वेत, बेकरलू लाइनच्या कंट्रोल रूममध्ये जाऊन बसले. १९९१ साली त्यांनी मांडलं ते असं: कंट्रोलर फोनवर बोलत असतो, शेजारचा सहकारी आपलं काम करता करता ते कानावर घेतो आणि कुणी न सांगता प्रवाशांसाठी घोषणा करतो. एवढंच! पण उद्या दोघांना वेगळ्या खोल्या आणि वेगळे स्क्रीन दिले, तर हे 'सहज ऐकणं' मेलंच की.

आता सांगा, असलं काही आपल्याकडे नाही? २००३ला प्रिन्स चार्ल्स (आताचे राजे) मुंबईत डबेवाल्यांना भेटले आणि आपण जो 'सिक्स सिग्मा'चा जप लावला तो अजून संपत नाही. कौतुक म्हणजे अभ्यास नव्हे. लोकल बंद पडली की कोण काय ठरवतो? एक जण आजारी पडला तर त्याची लाइन कोण, कशाच्या भरवशावर उचलतो? झाकणावरची खूण कुठे अपुरी पडते, मोबाइलने काय सोपं केलं आणि काय बिघडवलं? हा झाला वर्कशॉपचा विषय. आणि तो लिहायला लंडनहून कुणी यायची वाट कशाला बघायची? चर्चगेट तुमच्या जवळ आहे, माझ्या नाही.

खर्चाचं म्हणाल तर तक्रार रास्त आहे. व्हिसा, विमान आणि परकी चलनातली फी, प्राध्यापकाला परवडत नाही, डबेवाल्याचं तर सोडाच. ज्यांच्या कामावर चर्चा, तेच दाराबाहेर! पण २०२० आणि २०२१ला हीच परिषद पूर्ण ऑनलाइन झाली होती, म्हणजे इच्छा असली की जमतं. तेव्हा प्रस्तावातच लिहा की आमचे निम्मे लोक मुंबईतून, मराठीत बोलतील, दुभाषा आम्ही देऊ. नाही म्हणायचं तर त्यांना म्हणू दे, लेखी.

मित्राने काल सुधारलेला मसुदा पाठवला. उद्घाटक गेलाय. 'आभारप्रदर्शन, १५ मिनिटे' मात्र अजून आहे!