ग्रुपवर सगळे ‘ओके सर’ म्हणतात, मग काम का अडतं? दुरून काम करताना संवाद कुठे बिघडतो?

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात जिल्हा परिषदेचं मुख्यालय आहे. इथून निघालेली सूचना नऊ तालुक्यांत आणि आठशेहून अधिक ग्रामपंचायतींमध्ये पोहोचवायची असते. शाळा, अंगणवाड्या आणि आरोग्य केंद्रं वेगळीच. त्यातला सोयगाव तालुका तर अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे आहे.

ही सूचना आता बहुतेकदा व्हॉट्सअ‍ॅपवरून जाते. “सर्वांनी माहिती तातडीने पाठवावी” असा मेसेज पडतो आणि खाली ‘ओके सर’, ‘जी सर’ आणि अंगठ्यांची रांग लागते. दोन दिवसांनी निम्मी माहिती आलेली नसते. जी आलेली असते, तीही वेगवेगळ्या नमुन्यांत असते.

हे फक्त सरकारी कार्यालयांत घडतं असं नाही. घरी बसून पुण्याच्या किंवा बंगळुरूच्या कंपनीचं काम करणाऱ्यांनाही हा अनुभव नवा नाही. मग चूक नेमकी कुठे होते?

दुरून काम करणं खरंच नवीन आहे का?

‘वर्क फ्रॉम होम’ हा शब्द घराघरांत पोहोचला तो मार्च २०२० च्या लॉकडाऊननंतर. पण एकमेकांना न भेटता एकत्र काम करणं त्याहून खूप जुनं आहे.

महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ पासून सुरू झाल्या. तेव्हापासून मुख्यालयातला अधिकारी आणि गावातला ग्रामसेवक (आता या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) हे एकमेकांपासून लांब बसणारे सहकारीच आहेत. त्यांची प्रत्यक्ष भेट व्हायची ती महिन्याच्या बैठकीत किंवा साहेबांच्या दौऱ्यात. बाकी सगळं काम पत्रावर चालायचं.

पत्र पोहोचायला वेळ लागायचा, हे खरं. सरकारी भाषाही जड असायची. पण त्या पत्राचा साचा पाहिला, तर आज मेसेजमधून काय गळालं आहे ते लक्षात येतं.

जुन्या पत्रात असं काय होतं?

वर जावक क्रमांक आणि दिनांक. मग ‘प्रति’, म्हणजे हे काम कोणाचं आहे. ‘विषय’, म्हणजे कशाबद्दल. ‘संदर्भ’, म्हणजे कोणत्या आधीच्या निर्णयावरून. मजकुरात मुदत. शेवटी ‘प्रत’: कोणाला ‘माहितीस्तव’ आणि कोणाला ‘कार्यवाहीस्तव’.

हा शेवटचा फरक सगळ्यात महत्त्वाचा आहे. काही जणांना गोष्ट फक्त माहीत असायला हवी, तर काही जणांनी ती करायची असते. पत्र हे दोन गट वेगळे ठेवत होतं. ग्रुपवर मात्र सगळे एकाच रांगेत येतात. काम सगळ्यांना सांगितलं की ते कोणा एकाचंच उरत नाही. प्रत्येकाला वाटतं, दुसरा करेल.

शिवाय ग्रुपवर आदेश, माहिती, शंका, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि कानउघाडणी एकाखाली एक येतात. सकाळचा महत्त्वाचा नमुना दुपारपर्यंत चाळीस मेसेजच्या वर गेलेला असतो. आवक नोंदवहीत तो सापडला असता, इथे शोधत बसावं लागतं.

‘ओके सर’चंही तसंच आहे. त्याचा अर्थ ‘वाचलं’, ‘समजलं’, ‘करतो’ किंवा ‘केलं’ यांपैकी काहीही असू शकतो. पाठवणारा तो ‘करतो’ असा घेतो. उत्तर देणाऱ्याला अनेकदा फक्त ‘वाचलं’ म्हणायचं असतं.

एका शब्दावरून राज्यभर काम थांबलं

मेसेज नुसता हरवत नाही, तो लागतोही. ऑक्टोबर २०२१ मध्ये महसूल विभागात हे दिसलं. एका वरिष्ठ अधिकाऱ्याने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तलाठी संघटनेच्या राज्याध्यक्षांना उद्देशून अपमानास्पद शब्द वापरला, असा आक्षेप घेत राज्यभरातल्या तलाठ्यांनी कामबंद आंदोलन पुकारलं. मराठवाड्यात ते दिवस अतिवृष्टीच्या पंचनाम्यांचे होते.

दालनात बोललेला कडक शब्द बहुतेकदा तिथेच विरतो. ग्रुपवरचा शब्द मात्र सगळ्यांसमोर लिहिलेला राहतो, त्याचे स्क्रीनशॉट फिरतात आणि दोघांमधला वाद संघटनेचा होतो.

सप्टेंबर २०२४ मध्ये शिक्षकांच्या आंदोलनात याची दुसरी बाजू दिसली. संच मान्यता आणि कंत्राटी शिक्षक नेमणुकीच्या निर्णयांविरोधात अनेक जिल्ह्यांतल्या शिक्षकांनी प्रशासकीय व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडले. ग्रुपमधून बाहेर पडणं हे आंदोलनाचं हत्यार ठरतं, याचाच अर्थ कार्यालयाचं किती काम त्या ग्रुपवर टेकलं आहे हे दोन्ही बाजूंना पक्कं ठाऊक आहे.

भाषेचाही प्रश्न आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं. फोन निकृष्ट असल्याच्या तक्रारीबरोबरच ‘पोषण ट्रॅकर’ अ‍ॅप इंग्रजीत आहे, ही त्यांची मोठी तक्रार होती. ज्याने माहिती भरायची त्यालाच वाचता येत नसेल, तर कितीही वेगवान साधन दिलं तरी काम पुढे सरकत नाही.

लिहिणाऱ्याला वाटतं, समजलं असेल

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ईमेलवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. वाक्य गंभीरपणे लिहिलंय की उपरोधाने, हे वाचणाऱ्याला ओळखायचं होतं. आपला सूर सुमारे ७८ टक्के वेळा कळेल असा लिहिणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात तो ५६ टक्के वेळाच कळला. नाणं उडवून सांगितलं असतं, तरी पन्नास टक्के उत्तरं बरोबर आली असती. तीच वाक्यं आवाजात ऐकवली तेव्हा मात्र अचूकता ७० टक्क्यांच्या पुढे गेली.

कारण सोपं आहे. लिहिताना आपला सूर आपल्याच कानात वाजत असतो. वाचणाऱ्यापर्यंत फक्त अक्षरं पोहोचतात. “हे कधी होणार?” ही एकाची साधी चौकशी असते, तर दुसऱ्याला त्यात दटावणी ऐकू येते.

दुसरा अभ्यास मायक्रोसॉफ्टमधला आहे. कंपनीच्या अमेरिकेतल्या ६१ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या २०२० मधल्या संवादाच्या नोंदी तपासून तो सप्टेंबर २०२१ मध्ये ‘नेचर ह्युमन बिहेव्हियर’मध्ये प्रसिद्ध झाला. सगळे घरून काम करू लागल्यावर लोक आपापल्या गटातच जास्त बोलू लागले आणि वेगवेगळ्या विभागांमधले धागे कमी झाले. समोरासमोरच्या किंवा फोनवरच्या बोलण्याऐवजी ईमेल आणि मेसेज वाढले.

म्हणजे मेसेज वाढले म्हणून संवाद वाढला, असं म्हणता येत नाही.

मग करायचं काय?

व्हॉट्सअ‍ॅप सोडून पुन्हा टपालाकडे जाणं कोणालाच परवडणार नाही. जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराबाबत काढलेल्या सूचनांमध्येही कार्यालयीन समन्वयासाठी व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्रामसारख्या साधनांना मुभा आहे. साधन राहणारच आहे. त्यात जुन्या पत्राची शिस्त आणता येते.

१. मेसेजलाही ‘प्रति’ आणि ‘मुदत’ हवी. “सर्वांनी माहिती तातडीने पाठवावी” याऐवजी असं लिहिता येईल: “सोयगाव आणि कन्नडच्या ग्रामपंचायतींसाठी. टँकरच्या फेऱ्यांचा तक्ता सोबतच्या नमुन्यात गुरुवारी संध्याकाळी ५ पर्यंत भरावा. टँकर सुरू नसेल तर ‘निरंक’ लिहावं. अडचण असल्यास पाणीपुरवठा विभागात फोन करावा.” यात कोणी, काय, कधीपर्यंत आणि अडलं तर कुठे, हे चारही आलं. मेसेज लांब झाला, पण त्यामुळे वीस फोन वाचतील.

२. सूचना आणि चर्चा वेगळी ठेवा. एका ग्रुपवर फक्त सूचना, दुसऱ्यावर शंका. अंतिम नमुना आणि निर्णय एकाच ठरलेल्या जागी, मग ते सामायिक फोल्डर असो वा ईमेल.

३. ‘ओके’ऐवजी स्थिती सांगा. ‘मिळालं, बुधवारी देतो’ किंवा ‘दोन गावांची माहिती बाकी आहे’ असं उत्तर आलं की पाठपुराव्याचा अर्धा ताण उतरतो.

४. कौतुक ग्रुपवर, कानउघाडणी फोनवर. मतभेद वाढतोय असं दिसलं, की टायपिंग थांबवून नंबर फिरवावा. आवाजातून सूर जास्त कळतो, हे वरच्या अभ्यासातही दिसलं.

५. प्रश्न विचारणाऱ्याला ओशाळं करू नका. ग्रुपवर शंका विचारली की “आधी नीट वाचा” असं उत्तर मिळत असेल, तर पुढच्या वेळी कोणी विचारत नाही. मग चुकीचा तक्ता मुकाट्याने भरला जातो.

रात्री साडेदहाच्या मेसेजचं काय?

दुरून काम करताना कार्यालय बंद झाल्याचं कळत नाही, कारण ते खिशातच असतं. फ्रान्समध्ये जानेवारी २०१७ पासून, तर ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क कायद्यात आला आहे. भारतात बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या अखेरीस आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये अशा हक्काचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. कायदा मात्र अजून झालेला नाही.

पूर किंवा साथ असेल तेव्हा रात्रीचा निरोप टाळता येत नाही. पण रोजचाच निरोप ‘अतितातडीचे’ म्हणून आला, तर खऱ्या तातडीच्या वेळी तो कोणी उघडत नाही. काय थांबू शकतं आणि कशासाठी थेट फोन करायचा, हे विभागाने आधीच ठरवून ठेवलं तर कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

या सगळ्याचा शेवट ग्रुपवर होत नाही. टँकरचा तक्ता अर्धवट राहिला, तर दुसऱ्या दिवशी हंडे घेऊन वाट बघणाऱ्या बायकांना औरंगपुऱ्यातला मेसेज किती वाजता पडला होता, याच्याशी काही देणंघेणं नसतं.