तिसरा खातेदार

बँकेत उभी हयात काढलेल्या माणसाला संयुक्त खात्याचे एक मर्म ठाऊक असते. पासबुकावर दोन नावे असणे वेगळे आणि दोघांनी खात्यात भर घालणे वेगळे. विद्यापीठे आणि रुग्णालये यांच्यातील सामंजस्य करारांच्या बातम्या वाचताना मला हेच आठवते. हारतुरे होतात, छायाचित्र निघते, आणि मग प्राध्यापक आपल्या प्रयोगशाळेत व डॉक्टर आपल्या वॉर्डात!

खरी भागीदारी कशी असते, हे मुंबईने दाखवले आहे. कार-टी या उपचारात रक्ताच्या काही कर्करोगांच्या रुग्णाच्याच टी-पेशी काढून घेतात, प्रयोगशाळेत त्यांच्यात जनुकीय बदल करतात आणि कर्करोगाशी लढण्यासाठी त्या पुन्हा त्याच्याच शरीरात सोडतात. पेशींचे शास्त्र पवईच्या आयआयटीत होते; रुग्ण, आणि त्यांना जपण्याचा अनुभव, टाटा मेमोरियलकडे. एकाचे दुसऱ्यावाचून अडत होते, म्हणूनच सहकार्य कागदावर राहिले नाही. जून २०२१ मध्ये टाटाच्या खारघर येथील केंद्रात पहिल्या रुग्णाला हा उपचार मिळाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारी मंजुरी आली आणि आयआयटीतूनच निघालेल्या इम्युनोॲक्ट कंपनीने तो बाजारात आणला. किंमत परदेशी उपचाराच्या सुमारे एकदशांश.

अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. पण हिशेबनीसाची खोड जात नाही. एकदशांश म्हणजे तरी किती? बातम्यांतला आकडा तीस-चाळीस लाखांच्या घरातला होता. सोलापूरच्या गिरणी कामगाराच्या मुलाने तो कुठून आणावा?

या खात्याला तिसरा खातेदार आहे, तो रुग्ण. चाचणीत तो स्वतःचे रक्त देतो, स्वतःचा जीव पणाला लावतो. दोन्ही संस्था सरकारी पैशावर चालतात, म्हणजे करदाता या नात्यानेही त्याची ठेव आहेच. मात्र पैसे काढण्याच्या चिठ्ठीवर त्याची सही कोणी मागत नाही.

कंपनीने नफा कमवू नये, असे मी म्हणणार नाही; त्याशिवाय पुढचे औषध निघणार नाही. परंतु कर्ज देताना आम्ही परतफेडीच्या अटी आधी लिहून घेत असू, नंतर नव्हे. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या अशा प्रत्येक करारात पहिल्याच दिवशी एक कलम असावे: सरकारी रुग्णालयातील गरीब रुग्णाला हा उपचार कोणत्या दराने आणि किती जणांना मिळेल. ते कलम नसेल, तर ज्याच्या ठेवीवर खाते उघडले, तोच खिडकीबाहेर उभा राहील.