प्रत्येक बंदरात उतरलेच पाहिजे का?



परवा एक आजोबा-आजी तपासणीला आले. त्यांचा मुलगा न्यू जर्सीत असतो. त्याने या उन्हाळ्यात दोघांना क्रूझवर न्यायचे ठरवले आहे. न्यूयॉर्कहून जहाज निघणार, सात दिवसांत अटलांटिक ओलांडून साउथॅम्प्टनला पोहोचणार आणि पुढे फ्रान्स, बेल्जियम, नॉर्वे, आइसलँड. आजोबांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. मुलाने पाठवलेला तक्ता होता. प्रत्येक बंदरासमोर सकाळी आठ ते संध्याकाळी पाच अशी सहल ठरलेली. एकही चौकोन रिकामा नव्हता.

"डॉक्टर, फिट आहोत असे लिहून द्या," आजोबा म्हणाले. आजी काहीच बोलल्या नाहीत. आजोबा वजनकाट्याकडे गेले तेव्हा हळूच म्हणाल्या, "माझे गुडघे एवढे चालणार नाहीत हो. पण पोराने पैसे भरलेत, नको कसे म्हणायचे?"

आजचा लेख त्या वाक्यासाठी आहे. माझे मत सरळ सांगतो. बंदरांचे वेळापत्रक म्हणजे नुसता पर्यटनाचा बेत नाही. साठी ओलांडलेल्या, रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या माणसासाठी ते औषधाच्या चिठ्ठीइतकेच महत्त्वाचे आहे. आणि प्रत्येक बंदराचा पूर्ण डोस प्रत्येकाला मानवत नाही.

एका गोळीची गोष्ट

माझ्या एका जुन्या रुग्णाचा अनुभव सांगतो. त्यांच्या हृदयाची ताकद कमी आहे, म्हणून अंगात पाणी साठू नये यासाठी ते रोज सकाळी लघवीची गोळी घेतात. क्रूझवर लागोपाठ चार दिवस चार बंदरे होती. बसमध्ये तीन-तीन तास बसायचे, मध्येच स्वच्छतागृह कुठे शोधायचे? म्हणून त्यांनी कोणालाही न सांगता चारही दिवस ती गोळी टाळली. जोडीला जहाजावरचे सूप, चीज, लोणच्याचे प्रकार म्हणजे भरपूर मीठ. पाचव्या रात्री त्यांना आडवे झोपता येईना, श्वास पुरेना. जहाजावरच्या डॉक्टरांनी ऑक्सिजन आणि इंजेक्शन देऊन सावरले, पण पुढच्या बंदरात त्यांना रुग्णालयात उतरवावे लागले. जहाज निघून गेले. परक्या गावात, भाषा येत नसताना, बायको हॉटेलात आणि ते वॉर्डात. ते सुखरूप परत आले, पण ही वेळ टाळता आली असती.

चूक त्यांची होती असे मला वाटत नाही. त्यांच्या दिवसाची आखणी अशी होती की गोळी आणि सहल यांतले एकच निवडता येत होते.

बंदर जवळ, शहर दूर

तक्त्यावर 'पॅरिस' लिहिलेले असते, पण जहाज लागते ल हाव्र येथे. तिथून पॅरिस सुमारे २०० किलोमीटर, बसने जाताना अडीच-तीन तास आणि येतानाही तेवढेच. 'बर्लिन' म्हणतात तेव्हा जहाज वार्नेम्युंडेला असते, तिथूनही एका बाजूला जवळपास तीन तास. म्हणजे दिवसाचे सहा तास बसच्या खुर्चीत. सलग चार तासांपेक्षा जास्त बसून प्रवास केला की पायाच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, हे विमानाइतकेच बसलाही लागू आहे.

याउलट काही बंदरे म्हाताऱ्या पायांवर मेहेरबान आहेत. नॉर्वेतल्या स्टाव्हांगरला जहाज जुन्या गावाला अगदी लागून उभे राहते. बर्गनला जुनी लाकडी घरांची ब्रिग्गेन ही वस्ती धक्क्यापासून चालत जाण्याइतकी जवळ आहे, आणि डोंगरावर जायचे तर फ्लॉयबानेन ही दोरीवर ओढली जाणारी छोटी रेल्वे काही मिनिटांत सुमारे ३२० मीटर उंचीवर नेते. बेल्जियममधल्या झेब्रुगपासून ब्रुग्ज साधारण १५ किलोमीटरवर. ल हाव्रलाही पॅरिसचा हट्ट सोडला तर ऑन्फ्लर हे टुमदार बंदरगाव सुमारे २५ किलोमीटरवर आहे.

म्हणून मी बंदरांचे तीन भाग करायला सांगतो.

१. मोठा दिवस: ज्याच्यासाठी तुम्ही खरोखर जाता आहात ते ठिकाण. पूर्ण सहल करा.

२. छोटा दिवस: दोन-तीन तास धक्क्याजवळ फिरा, कॉफी प्या, जेवायला जहाजावर परत या.

३. विश्रांतीचा दिवस: जहाजावरच थांबा. नॉर्वेच्या फियोर्डमध्ये हा दिवस वाया जात नाही. गाइरांगरचे डोंगर आणि धबधबे डेकवरच्या खुर्चीतून उत्तम दिसतात.

नियम एकच. मोठ्या दिवसानंतर लगेच दुसरा मोठा दिवस नको.

पहिले बंदर हलके ठेवा

न्यूयॉर्क ते साउथॅम्प्टन या वाटेवर घड्याळ पाच तास पुढे जाते. विमानात हा फरक एका रात्रीत अंगावर येतो, जहाजावर तो एकेका तासाने वाटला जातो. शरीराला हे सोपे असते, पण त्या आठवड्यातले पाच दिवस २३ तासांचे असतात. ज्यांना मुळातच झोप कमी, त्यांची झोपेची उधारी वाढत जाते. त्यात जूनमध्ये आइसलँडला रेक्याविकमध्ये सूर्य मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. खोलीचे पडदे नीट ओढा आणि 'अंधार पडल्यावर गोळी' असा हिशेब ठेवू नका, घड्याळ बघा.

दिवसातून एकदा घ्यायच्या बहुतेक गोळ्यांना एका तासाने काही फरक पडत नाही. जहाजाच्या घड्याळाप्रमाणे घेत राहा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून वेळापत्रक लिहून घ्यावे.

सहा-सात दिवस समुद्रावर काढल्यावर जमिनीवर उतरल्यानंतरही डोलल्यासारखे वाटते. हे सहसा काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत जाते. पण नेमक्या त्याच दिवशी दगडी फरसबंदीच्या गल्ल्यांतून दहा हजार पावले चालायची कशाला? प्रोमेथाझीन किंवा मेक्लिझीनसारखी मळमळीची गोळी घेतली असेल तर गुंगीही असते. प्रोस्टेटचा त्रास किंवा काचबिंदू असलेल्यांनी अशा गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

उतरण्याआधी विचारायचे प्रश्न

जहाज धक्क्याला लागणार की छोट्या होडीने किनाऱ्यावर जायचे? काही बंदरांत मोठे जहाज समुद्रातच नांगर टाकते आणि प्रवाशांना होडीत पाऊल टाकावे लागते. होडी वरखाली होत असते. गुडघ्याची किंवा तोल जाण्याची तक्रार असेल तर समुद्र खवळलेला असताना तो मोह टाळा. स्टाव्हांगरजवळचा प्रसिद्ध प्रेकेस्टोलेन कडा फोटोत सोपा दिसतो, पण तिथे पोहोचायला येऊन-जाऊन सुमारे आठ किलोमीटरची डोंगरवाट आहे. तो कडा ६०४ मीटर खालच्या फियोर्डमधल्या बोटीतूनही बघता येतो.

कपडे थरांचे घाला. बर्गनला वर्षातले २०० हून अधिक दिवस पाऊस पडतो, त्यामुळे न घसरणारे बूट नव्या कोटापेक्षा महत्त्वाचे. छातीत दुखण्याचा त्रास असलेल्यांनी थंड वाऱ्यात चढ चढू नये. आइसलँडच्या गरम पाण्याच्या कुंडांत सुमारे ३८ अंशांचे पाणी असते. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी तिथे फार वेळ डुंबून एकदम उभे राहू नये, चक्कर येते.

बंदराच्या दिवशी पिशवीत काय?

लघवीची गोळी टाळू नका. बहुतेकांना ती सहलीच्या दिवशी परत आल्यावर दुपारी घेता येते, पण हे आधी डॉक्टरांशी ठरवा. हृदयविकार असलेल्यांनी रोज सकाळी वजन करावे. जहाजाच्या व्यायामशाळेत बहुधा काटा असतो. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर सहल बाजूला ठेवून जहाजाच्या डॉक्टरांना भेटा.

मधुमेहींनी ग्लुकोज पावडर किंवा साखर खिशात ठेवावी. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटले तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्या. चिक्की चविष्ट आहे, पण शेंगदाण्यातल्या तेलामुळे तिच्यातली साखर सावकाश चढते. ती नंतर खा. शाकाहारी मंडळींना दुपारी मनासारखे मिळेलच असे नाही, त्यामुळे बंद पाकिटातला खाऊ जवळ असू द्या.

निदान दोन दिवसांची औषधे हातातल्या पिशवीत हवीत. जहाज चुकले तर सामान जहाजावर आणि तुम्ही धक्क्यावर, असे होऊ शकते. स्वतःच्या हिशेबाने फिरायला गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही. चिठ्ठीवर औषधांची मूळ नावे लिहून घ्या. आपल्याकडची ब्रँडची नावे तिथल्या डॉक्टरांना कळत नाहीत. ११२ हा आपत्कालीन क्रमांक नॉर्वे, आइसलँड, फ्रान्स, बेल्जियम आणि ब्रिटनमध्येही चालतो.

जहाजावर परतल्यावर साबणाने हात धुवा. उलट्या-जुलाबांच्या नोरोव्हायरसवर हाताला लावायचे सॅनिटायझर फारसे चालत नाही. साबण आणि पाणीच लागते.

विमा घेताना आधीपासूनचे आजार लपवू नका. जहाजावरचा दवाखाना पहिले उपचार चांगले देतो, पण तिथे अँजिओप्लास्टी होत नाही, आणि भर अटलांटिकात हेलिकॉप्टरही पोहोचेलच असे नाही.

"पण आयुष्यात एकदाच जातोय ना!"

हा युक्तिवाद मी नेहमी ऐकतो, आणि तो खोटा नाही. एवढा खर्च केला, परत कधी येणार, बघून घेऊ या. मला हे पटते, म्हणूनच सांगतो, निवडून बघा. नऊ बंदरांतली नऊ ठिकाणे बसच्या काचेतून पाहिल्यावर घरी येऊन आठवते काय? रांग, बस आणि दुखरे पाय. तीन ठिकाणे मनापासून पाहिली तर त्यांच्या गोष्टी नातवंडांना सांगता येतात. आणि तुमची प्रकृती ठणठणीत असेल, रोज पाच किलोमीटर चालत असाल, तर खुशाल जास्त फिरा. माझा आक्षेप सहलींना नाही, न विचारता भरलेल्या चौकोनांना आहे.

मुलामुलींना एक विनंती. "आई, तुला जमेल ना?" असे विचारू नका. त्याला आपल्या आया एकच उत्तर देतात, "जमेल की!" त्याऐवजी विचारा, "यातली कुठली तीन ठिकाणे तुला बघायचीच आहेत? आणि कुठल्या दिवशी नुसते डेकवर बसायचे आहे?" उत्तर वेगळे येईल. आई-बाबा थांबले तर तुम्ही फिरून या. कोणीतरी मागे राहणे म्हणजे सहल फसणे नव्हे.

आणि ज्येष्ठांनो, "नको" म्हणणे म्हणजे मुलांच्या पैशांचा अपमान नाही. गोळी चुकवून, दुखणे लपवून केलेली सहल त्यांना जास्त महागात पडते.

त्या आजी-आजोबांना मी फिटनेसचा कागद दिला. पण त्याआधी तक्ता टेबलावर ठेवून दोघांच्या हाती पेन्सिल दिली. आजोबांनी रेक्याविक आणि ब्रुग्जवर खूण केली. आजींनी बराच वेळ कागद पाहिला आणि गाइरांगरवर बोट ठेवले. "इथे उतरायचे नाही," त्या म्हणाल्या. "इथे नुसते बघत बसायचे."

मुलाला रात्री फोन करणार होत्या. मी म्हटले, माझे नाव सांगा. डॉक्टरांनी सांगितले म्हटले की सोपे जाते.