निरोप पोहोचतो, पण ऐकला जात नाही

‘शुगर निघाली म्हणजे अंगातले इन्सुलिन संपले,’ असे आपल्या घरांतून सर्रास बोलले जाते. बहुधा लहान वयात होणाऱ्या टाइप १ मधुमेहात ते बऱ्याच अंशी खरे आहे. पण चाळिशी-पन्नाशीत होणाऱ्या टाइप २ मध्ये, निदान सुरुवातीला, गोष्ट निराळी असते. १९६० मध्ये न्यूयॉर्कच्या रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातले इन्सुलिन मोजून दाखवले, तेव्हा प्रौढ रुग्णांच्या रक्तात ते पुष्कळदा भरपूर सापडले. इन्सुलिन आहे, तरी साखर वाढलेलीच!

मग अडते कुठे? इन्सुलिन हा एक निरोप आहे. जेवणानंतर रक्तात साखर वाढली की स्वादुपिंड तो पाठवते. रक्तातून तो अंगभर फिरतो, पण ज्या पेशीच्या अंगावर त्याचे रिसेप्टर असतात तिलाच तो कळतो. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या आवरणात बसलेले प्रथिन. थोडे बाहेर, थोडे आत. निरोप सांगण्यासाठी इन्सुलिनला आत जावे लागत नाही. ते बाहेरच चिकटते, रिसेप्टरचा आकार बदलतो आणि आतल्या बाजूला एका प्रथिनाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला जागे करण्याची साखळी सुरू होते. स्नायूच्या पेशीत या साखळीच्या शेवटी ग्लुट-४ नावाची प्रथिने आतून पृष्ठभागावर येतात आणि त्यांच्या वाटेने साखर आत शिरते.

टाइप २ मध्ये रिसेप्टर बहुधा जागेवर असतो. आतली साखळी ढिली पडते. स्नायूंत आणि यकृतात साठलेली चरबी हे त्याचे मोठे कारण. स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन पाठवत राहते आणि पुढे थकते.

यकृताला याच निरोपाचा अर्थ ‘आता साखर बनवणे थांबव’ असा कळायला हवा. तो नीट पोहोचला नाही, तर यकृत रात्रभर रक्तात साखर सोडत राहते. रात्री गोड काहीच खाल्ले नाही, तरी सकाळी उपाशीपोटी शुगर कशी वाढली, या नेहमीच्या कोड्याचे उत्तर बरेचसे इथे आहे. सुनेने चोरून काही खाल्ले असेल, असा संशय घेण्याचे कारण नाही!

‘मी तर सडपातळ आहे’ यावरही फार विसंबू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली. उंचीच्या मानाने वजन दोघांचेही सारखे, बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के.

आता यातली दिलाशाची बाब. स्नायू आकुंचन पावू लागला की ग्लुट-४ पृष्ठभागावर येण्याची दुसरी वाट उघडते आणि तिला इन्सुलिनच्या निरोपाची गरज नसते. म्हणून जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे चालले की साखर खाली येते. ‘दिवसभर घरात राबते, वेगळे चालायचे कशाला?’ असे अनेक भगिनी म्हणतात. घरकामाचा उपयोग आहेच. पण ओट्यापाशी उभे राहणे म्हणजे चालणे नव्हे. बाहेर जाणे जमत नसेल तर गच्चीवर, गल्लीत चाला.

गोळ्यांतही फरक आहे. मेटफॉर्मिन मुख्यतः यकृताची साखरनिर्मिती कमी करते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी मात्र स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. म्हणून अशी गोळी किंवा इन्सुलिनची सुई घेणाऱ्यांना रोज्यात साखर एकदम उतरण्याचा धोका अधिक असतो. घाम, थरथर, गरगरणे जाणवले तर लगेच बोटाचे रक्त तपासावे. ७० च्या खाली आकडा आला तर रोजा सोडून साखर घ्यावी. गोळीची वेळ आणि मात्रा स्वतःच्या मनाने बदलू नये. रोजे ठेवायचे की नाही, ठेवायचे तर औषध कसे घ्यायचे, हे विचारायला डॉक्टरांकडे शाबानमध्येच जावे, रमजानचा चाँद दिसल्यावर नव्हे.