फलक आणि उत्तरदायित्व

१३ जून २०२३ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कुणे पुलाजवळ रसायनाचा टँकर उलटून पेटला. जळते रसायन पुलाखालील रस्त्यावर सांडले आणि ४ जणांचा बळी गेला. अशा वेळी सारा दोष चालकाच्या माथी मारला जातो. वस्तुतः केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार चालकाला विशेष प्रशिक्षण व वाहनावर धोकासूचक फलक जसे बंधनकारक आहेत, तसेच मालाची पूर्ण माहिती वाहतूकदाराला देणे हे माल पाठवणाऱ्याचेही कर्तव्य आहे. आग विझवायला धावणाऱ्या जवानाचे प्राण त्या माहितीवर अवलंबून असतात. म्हणूनच अपघाताची चौकशी चालकापाशी न थांबता कारखान्याच्या फाटकापर्यंत पोहोचली पाहिजे. नफा घेणाऱ्याने उत्तरदायित्वही घेतलेच पाहिजे.