आजीने केलेली परीक्षा

गेल्या दिवाळीत नवा रायपुर येथे एका स्नेह्यांकडे उतरण्याचा योग आला. रायपुरच्या परिसरात मराठी माणसांचा राबता भोसल्यांच्या अमदानीपासूनचा; हे कुटुंब मात्र नोकरीनिमित्त अलीकडेच तेथे स्थायिक झालेले आहे. घरातील कन्या अभिकल्पाचे शिक्षण घेत आहे. ‘घरात उपयोगी पडेल असे संकेतस्थळाचे एक पान तयार करा’ असा पाठ तिला मिळाला होता. तिने विषय निवडला तो आजीच्या निवृत्तिवेतनाचा.

केंद्र शासनाच्या निवृत्तिवेतनधारकांना दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो; तो न पोचल्यास वेतन थांबते. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ या योजनेमुळे तो घरबसल्याही देता येतो. तो कसा द्यावा, हे नातीला आपल्या पानावर सांगायचे होते.

पान मोठे देखणे झाले होते. वर फुलांचे चित्र, त्यावर राखी रंगाची नाजूक अक्षरे आणि खाली सरकती चित्रमाला. आजींनी चष्मा लावला, भ्रमणध्वनी हातात घेतला आणि बराच वेळ त्या बोट फिरवीत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, “चित्र सुरेख आहे गं, पण दाखला द्यायचा कुठे? माझाच चष्म्याचा नंबर वाढला असेल.”

मुलीचा चेहरा उतरला. परंतु दोष चष्म्याचा नव्हता, हे तिला उमगले. आणि त्या दिवसाचा खरा पाठ तोच होता. वाचणारा माणूस चुकला की तो स्वतःलाच बोल लावतो आणि मुकाट्याने उठून जातो. रचनाकाराच्या कानी त्याची तक्रार सहसा पोचतच नाही.

टिम बर्नर्स-ली यांनी जगातील पहिले संकेतस्थळ १९९१ साली जिनिव्हानजीकच्या सर्न या संशोधनसंस्थेत उभे केले. त्यात नुसता मजकूर आणि दुवे होते. तरीही हवी ती माहिती सापडत असे. पुढे १९९७ साली याकोब नील्सन यांच्या पाहणीत असे आढळले, की शंभरांपैकी एकोणऐंशी माणसे नवे पान ओळीने वाचीत नाहीत, केवळ नजर फिरवितात. म्हणून महत्त्वाची गोष्ट आरंभीच हवी, मथळे स्पष्ट हवेत आणि परिच्छेद आटोपशीर हवेत. नेहमीच्या आकाराची अक्षरे व त्यांची पार्श्वभूमी यांच्या उजळपणात निदान साडेचारास एक एवढे अंतर असावे, असा दंडक २००८ च्या आंतरराष्ट्रीय सूचनांत घालून दिला आहे. राखी अक्षरे नेमकी तेथेच नापास झाली!

अक्षराचा विचार आपल्याकडेही झालेला आहे. मुंबईच्या आयआयटीतील अभिकल्प केंद्रात अध्यापन केलेले सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी ‘मंगल’ हा देवनागरी टंक घडविला आणि तो संगणकाद्वारे घरोघरी पोचला. आपली लिपी पडद्यावर सुखाने वाचता यावी, यामागे असे कष्ट आहेत. त्या अक्षरांना चित्राखाली गुदमरविणे बरे नव्हे.

दुसऱ्या दिवशी नातीने चित्रमाला काढून टाकली. पांढऱ्या पानावर काळी, ठसठशीत अक्षरे आली. वर एकच प्रश्न, ‘हयातीचा दाखला कसा द्यावा?’, आणि खाली क्रमवार चार पायऱ्या. मग ते पान तिने आजींसमोर ठेवले आणि स्वतः गप्प बसली. आजींना वाट सापडली. नंतर शेजारच्या दोन वृद्धांकडूनही तिने ते तपासून घेतले. एकाला दुसरी पायरी अडली; तिने तीही सुधारली.

आपल्या घरातील मुलेमुली असे काही शिकत असतील, तर त्यांचे काम नुसते वाखाणू नका. समोर बसून ते वापरून पाहा, आणि जेथे अडाल तेथे ‘मला कळत नाही’ असे न म्हणता ‘येथे मी अडलो’ असे सांगा. त्यांच्या शिक्षणास आपला हातभार लागेल तो असाच.