रहस्यकथांचा छंद : त्याज्य कीं ग्राह्य?

मनुष्यास पोटासाठीं उद्योग करावा लागतो, तसा मनासाठीं एखादा छंदहि लागतो, हें आतां सर्वांस मान्य आहे. कोणी पोस्टाचीं तिकिटें जमवितो, कोणी बाग करतो, कोणी पक्षी पाहत रानोमाळ हिंडतो. अशा मुलांचें घरीं व शाळेंत कौतुक होतें. परंतु एखादा मुलगा रहस्यकथेचें पुस्तक घेऊन कोपऱ्यांत बसला, कीं वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडतात. "अभ्यास टाकून हें काय चोरांचें पुराण मांडलें आहेस?" हा प्रश्न आमच्यापैकीं बहुतेकांनीं ऐकला आहे. या छंदाची कैफियत वाचकांपुढें, विशेषतः पालकांपुढें, मांडावी असें आम्हीं वरच्या वर्गांतील पांच विद्यार्थ्यांनीं ठरविलें आहे. या खटल्यांत आम्ही स्वतःच आरोपी असल्यामुळें आमची साक्ष वाचकांनीं पारखूनच घ्यावी.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ज्या कथांतून वा चित्रपटांतून पानोपानीं रक्त सांडतें आणि क्रौर्याचेंच वर्णन चवीनें केलेलें असतें, त्यांची बाजू आम्ही घेत नाहीं. आमचा पक्ष हलक्याफुलक्या रहस्यकथांचा आहे. यांत एक कोडें असतें, थोडी धांवपळ असते, पुष्कळ विनोद असतो आणि शेवटीं सर्व गुंता सुटून मन प्रसन्न होतें. एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकानें १८४१ सालीं अशा कथेचा पाया घातला. पण तिच्यांत खरी मौज आणली ती आर्थर कॉनन डॉयल यांनीं. १८८७ सालीं अवतरलेला त्यांचा शेरलॉक होम्स कोणास ठाऊक नाहीं? १८९१ सालच्या त्यांच्या एका कथेंत एका सावकारास केवळ त्याचे केस तांबडे आहेत म्हणून दर आठवड्यास चार पौंड पगाराची नोकरी मिळते, आणि काम काय, तर ज्ञानकोशाची नक्कल करीत बसणें! ही कथा वाचतांना प्रथम हंसूं येतें व मग हळूच प्रश्न पडतो, कीं असें कोणी कां करील? हंसतां हंसतां विचार करावयास लावणें हीच या कथांची हातोटी होय.

आपल्या देशांतहि ही परंपरा समृद्ध आहे. सत्यजित राय यांनीं १९६५ सालीं 'संदेश' या मुलांच्या बंगाली मासिकांत फेलूदाची पहिली कथा लिहिली, आणि १९७४ सालीं 'सोनार केल्ला' हा चित्रपट काढून त्याला राजस्थानच्या वाळवंटांत नेऊन सोडलें. त्यांतील लालमोहनबाबू हे स्वतः थरारक कादंबऱ्यांचे लेखक. परंतु ते जेथें जेथें तोंड उघडतात तेथें तेथें प्रेक्षकांस हंसूं आवरत नाहीं. आणि आपल्या मराठींत भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहेच. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनांत शिकावयास आलेला हा काटकुळा मुलगा संकटांत उडी घेतो ती पिस्तुलाच्या जोरावर नव्हे, तर सायकल, धिटाई व तल्लख डोकें यांच्या जोरावर. २०१७ सालीं तो मराठी चित्रपटांतहि आला, तेव्हां आमच्यापैकीं कित्येकांचे वडील आमच्याहून अधिक उत्साहानें चित्रपटगृहांत गेले होते, हें येथें नमूद करणें न्यायाचें होईल.

आतां कोणी म्हणेल, कीं यांत करमणूक असेल, पण लाभ काय? आमचें उत्तर असें, कीं चांगली रहस्यकथा हा लेखक आणि वाचक यांच्यामधील एक सरळ खेळ आहे, आणि खेळ म्हटला कीं त्याला नियम आले. रोनाल्ड नॉक्स हे इंग्रज धर्मगुरु स्वतः रहस्यकथा लिहीत असत. त्यांनीं १९२९ सालीं अशा कथांसाठीं दहा नियम घालून दिले. गुन्हेगार हा कथेच्या आरंभापासूनच वाचकांच्या ओळखीचा असावा; डिटेक्टिव्हास सांपडलेला पुरावा वाचकापासून लपवूं नये; गुप्त वाटा एकाहून अधिक नसाव्यात; भुताखेतांवर भार टाकून मोकळें होऊं नये, अशा आशयाचे ते नियम आहेत. म्हणजे जें डिटेक्टिव्हास दिसतें तें सर्व आपल्यालाहि दिसलेलें असतें. तरी तो ओळखतो आणि आपण फसतों. असें फसण्यांत अपमान नाहीं. उलट, आपले डोळे उघडे असूनहि आपण पाहत नव्हतों, हें इतक्या गोडीनें दुसरें कोण शिकवील?

आम्हीं पांचांनीं यासाठीं एक प्रघात पाडला आहे. दर शनिवारीं शाळा सुटल्यावर एकजण कथा मोठ्यानें वाचतो. उलगड्याचा भाग येतांच पुस्तक मिटावयाचें. मग प्रत्येकानें चिठ्ठीवर आपला तर्क लिहावयाचा, चिठ्ठ्या टोपींत टाकावयाच्या आणि मगच पुढील पानें वाचावयाचीं. शेवटचें पान आधीं चोरून वाचणाऱ्यास दुसऱ्या शनिवारीं सर्वांस शेंगदाणे द्यावे लागतात. गेल्या वर्षांत आम्हीं जितक्या चिठ्ठ्या लिहिल्या, त्यांपैकीं बहुतेक चुकल्या. पण त्या चुकांवर आम्ही जितके हंसलों, तितके दुसऱ्या कशावरहि हंसलों नाहीं.

येथवर आमच्या छंदाची आम्हीं स्तुति केली. आतां सत्यास स्मरून त्याविरुद्ध जाणारा पुरावाहि पुढें मांडला पाहिजे.

गेल्या वर्षीं सहलीची वर्गणी गोळा होत होती. एके दिवशीं मधल्या सुट्टींत पैशांचें पाकीट शिक्षकांच्या टेबलावरून नाहींसें झालें. त्या सुट्टींत वर्गांत एकच मुलगा बसून होता. तो वर्षाच्या मध्यांत दुसऱ्या गांवाहून आला होता, फारसा कोणाशीं बोलत नसे, आणि त्याची वर्गणी अद्याप यावयाची होती. आम्ही तर होम्सचे भक्त! "हेतु आहे, संधि आहे," असें आम्हीं एकमेकांच्या कानांत म्हटलें. कोणीं त्याच्यावर उघड आरोप केला नाहीं. पण दोन दिवस त्याच्या बांकावर कोणी बसलें नाहीं, डबा खातांना त्याला कोणीं हांक मारली नाहीं, आणि तो जवळ आला कीं बोलणें थांबूं लागलें.

तिसऱ्या दिवशीं आमच्या शिपाईमामांनीं सहज विचारलें, "अरे, त्या वेळीं टेबलावर आणखी काय काय होतं?" इतका साधा प्रश्न आम्हां पंडितांपैकीं एकालाहि सुचला नव्हता. सुट्टीच्या आधींचा तास भूगोलाचा होता, आणि टेबलावर आशिया खंडाचा मोठा नकाशा पसरलेला होता. मामांनीं नकाशांच्या खोलींतून तो आणून उलगडला, तों आंत पाकीट जसेंच्या तसें निघालें. घाईघाईनें तें नकाशाबरोबर गुंडाळलें गेलें होतें. तो नकाशा गुंडाळणारे हात त्या मुलाचे नव्हते. आम्हां पांचांपैकींच एकाचे होते.

आम्हीं त्या मुलाची सर्व वर्गासमक्ष क्षमा मागितली. "असूं दे," एवढेंच तो म्हणाला. मात्र सहलीस तो आला नाहीं. पैशांमुळें आला नाहीं कीं आमच्यामुळें, हें विचारण्याचें धैर्य आम्हांस अद्याप झालेलें नाहीं.

पालकहो, "पाहा, या पुस्तकांनींच मुलांस संशयी बनविलें," असें आपण म्हणाल, तर क्षणभर आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. त्यानंतर कित्येक शनिवार आम्हीं पुस्तकास हात लावला नाहीं. पुढें एकानें डॉयल यांची नीलमाणकाची कथा, जी १८९२ सालीं प्रसिद्ध झाली, ती पुन्हां काढली. नाताळच्या दिवसांतील ही गोष्ट आहे. रस्त्यांत सांपडलेली एक जुनी हॅट, एक हंस पक्षी आणि त्या पक्ष्याच्या पोटांत निघालेलें मौल्यवान रत्न, असा तिचा गमतीदार आरंभ. पूर्वीं वाचतांना आम्ही हॅटवरून होम्सनें काढलेल्या अनुमानांवर लुब्ध झालों होतों. या वेळीं मात्र आमची दृष्टि दुसरीकडे गेली. त्या कथेंत नळकाम करणारा एक गरीब कारागीर चोरीच्या आरोपावरून अटकेंत आहे. त्याच्याविरुद्ध मुख्य गोष्ट काय? तर पूर्वीं एकदां त्याला शिक्षा झालेली होती, आणि त्या दिवशीं तो त्या खोलींत कामास गेला होता. बस्स! हेतु आहे, संधि आहे. होम्सनें इतकी खटपट केली नसती, तर तो निरपराध माणूस तुरुंगांतच गेला असता. खरा चोर कोण, तें आम्ही अर्थातच सांगणार नाहीं.

तेव्हां आमच्या ध्यानीं आलें, कीं दोष पुस्तकांचा नव्हता. आम्हीं पुस्तकें अर्धींच वाचलीं होतीं. चोर कोण एवढ्याकडेच आमचें लक्ष होतें. परंतु ज्या कथेंत सहा माणसांवर संशय असतो, तिच्या शेवटीं एक दोषी ठरतो आणि पांच निर्दोष सुटतात. डिटेक्टिव्हाचें निम्म्याहून अधिक काम त्या पांचांस सोडविण्याचें असतें. शिवाय तो पुरावा हातीं येईपर्यंत आपला संशय मनांतच ठेवतो, कुजबुजत नाहीं. पहिल्या प्रकरणांत ज्याच्याकडे सर्वांचीं बोटें वळतात तो बहुधा निरपराध असतो, हें आम्हांस वाचनांत पाठ झालें होतें; वर्गांत मात्र आम्ही पहिल्या प्रकरणांतच निकाल देऊन बसलों.

हाच बोध एका चित्रपटानें आम्हांस अधिक हंसत करून दिला. बस्टर कीटन या विनोदी नटाचा 'शेरलॉक ज्युनियर' हा १९२४ सालचा मूकपट अवघा पाऊण तासाचा आहे. त्यांतील नायक चित्रपटगृहांत यंत्र चालवितो आणि डिटेक्टिव्ह होण्याचें पुस्तक वाचतो. त्याच्या प्रेयसीच्या वडिलांचें घड्याळ चोरीस जातें, व आळ याच निरपराध वाचकावर येतो. चोर कोण हें प्रेक्षकांस आरंभींच दिसतें, म्हणून पुढील हकीकत सांगण्यांत गुपित फोडल्याचा दोष लागत नाहीं. नायक यंत्राशेजारीं झोपीं जातो आणि आपण जगांतील सर्वांत थोर डिटेक्टिव्ह झालों, असें स्वप्न पाहतो. इकडे ती मुलगी सरळ गहाणवटीच्या दुकानांत जाते व घड्याळ कोणीं आणून दिलें, एवढेंच विचारते. स्वप्नांत अद्भुत पराक्रम चालू असतांना खऱ्या जगांत एका साध्या प्रश्नानें सत्य उघड झालेलें असतें. हें पाहतांना आम्हांस शिपाईमामांची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं.

आतां आमच्या शनिवारच्या चिठ्ठीस दोन रकाने असतात. एकांत संशयिताचें नांव, आणि दुसऱ्यांत बाकीचे निर्दोष कां, त्याचीं कारणें. दुसरा रकाना रिकामा असेल, तर पहिला बरोबर निघाला तरी गुण नाहीं. हा रकाना भरणें किती कठीण आहे, हें वाचकांनीं एकदां स्वतः करून पाहावें. केवळ "मला तसें वाटतें" यावर कोणास दोषी म्हणतां येत नाहीं, हें हात लिहितांना शिकतो तें तोंडी उपदेशानें शिकत नाहीं.

यास्तव पालकांस आमची विनंति आहे, कीं त्यांनीं हा छंद मोडूं नये. त्याला मर्यादा मात्र अवश्य घालावी. अभ्यास आटोपल्यावर आठवड्यास एक कथा वा महिन्यास एक चित्रपट पुरे. घरीं चित्रपट पाहतांना उलगड्यापूर्वीं तो थांबवावा, आणि आजीपासून धाकट्या बहिणीपर्यंत सर्वांनीं आपला तर्क सकारण सांगावा. वडिलांचा तर्क चुकला, तर त्यांनींहि मोकळेपणानें हंसावें. मोठीं माणसेंसुद्धां चुकतात व तसें कबूल करतात, हें पाहणें मुलांस फार हिताचें असतें. आणि विद्यार्थिमित्रांस एवढेंच सांगणें, कीं कथेचें गुपित दुसऱ्यास फोडूं नका. लंडनमध्यें १९५२ सालीं रंगभूमीवर आलेल्या 'द माउसट्रॅप' या नाटकाच्या प्रयोगाअंतीं प्रेक्षकांस हीच विनंति करण्याची प्रथा आहे. ज्याला कथेंतील गुपित पोटांत ठेवतां येतें, त्याला पुढें एखाद्याविषयींचा कच्चा संशयहि पोटांत ठेवतां येईल.

असो. आमची कैफियत संपली. छंदाबद्दल आम्हांस दोषी ठरवावयाचें किंवा नाहीं, हें वाचकांनीं पुरावा पाहून ठरवावें. त्या नकाशाच्या बाबतींत मात्र आम्हीं गुन्हा कबूल केलेलाच आहे. यंदाच्या सहलीची वर्गणी लौकरच सुरू होईल. त्या मुलाच्या बांकावर जाऊन बसावें आणि "तूं येतोस ना?" असें त्याला आधीं विचारावें, एवढें आम्हीं पांचांनीं ठरविलें आहे.